बुधवारचा क्विकस्टेप

ज्या बुधवारी बँड राहणार की जाणार हे ठरायचं होतं, नेमक्या त्या बुधवारी ड्रमवर माझा नवरा बसणार होता. हे मला आदल्या आठवड्यात कळलं आणि माझी झोप उडाली. त्याला मात्र छान झोप लागत होती. (लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. समोर आजही 'अहो'च.)

ग्लासगोच्या दक्षिण भागात कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, एक हॉल आहे. दोन हजार सालानंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत तिथे दर बुधवारी दुपारी टी-डान्स असे. चहा, शॉर्टब्रेडची बिस्किटं आणि जोडीने नाच. नाचणारे सगळे सत्तरीच्या पुढचे. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाचा खुबा, आणि बऱ्याच जणांचा जोडीदार. नवरा नुकताच हॉस्पिटलच्या छातीच्या विभागातून रिटायर झाला होता आणि घरी बसून माझे मसाल्याचे डबे आद्याक्षरांनुसार लावत होता. त्याच्या एका जुन्या पेशंटने आम्हाला टी-डान्सला बोलावलं तेव्हा मी एका पायावर तयार झाले. मी भूल देणारी डॉक्टर. अजून नोकरीत होते, पण बुधवारी मला सुट्टी असे.

बँडमास्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वरातीपुढे चालणारा, लाल कोटाला सोनेरी फीत लावलेला गृहस्थ येतो. इथले बँडमास्टर ऐंशी ओलांडलेले, करड्या सुटातले, बारीक चणीचे होते, आणि सोनेरी फितीचा त्यांना तिटकारा होता. तरुणपणी ते सॅक्सोफोन वाजवत. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरातल्या एका भल्यामोठ्या डान्स हॉलमध्ये त्यांचा स्वतःचा बँड होता. लोक त्यांना जाझविषयी आदराने प्रश्न विचारत, आणि ते वैतागत.

"जाझ पुस्तकवाल्यांनी लिहिलं," ते मला एकदा म्हणाले. "आम्ही पायांसाठी वाजवायचो. अमेरिकन सोल्जर रेकॉर्डी घेऊन आले, त्यातला स्विंगचा ठेका आम्ही ऐकला आणि आमच्या लोकांच्या पायांना बसेल असा कापून घेतला. पोरं कारखान्यातून सुटून, तोंड धुऊन यायची. बाहेर पावसात रांग. आत गेल्यावर कुणीही कुणाला विचारू शकायचं, नाचतेस का? दुसरीकडे कुठे हे चालत नव्हतं, हेन. म्हणून आमचा धंदा चालला."

ग्लासगोत बायकांना मायेने 'हेन' म्हणतात, म्हणजे कोंबडी. हॉस्पिटलात मला कन्सल्टंट म्हणत. दोन्हींपैकी कोंबडी मला जास्त मनापासूनची वाटत आली आहे.

पुढे गिटारवाली पोरं आली, डान्स हॉलचे बिंगो हॉल झाले, आणि बँडमास्टर पियानो विकणाऱ्या एका दुकानात नोकरीला लागले. हा बुधवारचा बँड त्यांनी म्हातारपणी जमवला होता. निवृत्त पोस्टमन ट्रम्पेटवर, दातांचा डॉक्टर ट्रोम्बोनवर, दोन सॅक्सोफोन, एक डबल बास, पियानोवर गणिताच्या बाई. ड्रमवर एक गुबगुबीत बसड्रायव्हर होता.

पहिल्याच दिवशी नवरा टेबलावर बोटांनी ठेका धरून बसला होता. बँडमास्टर मध्यंतरात चहा घेऊन आले आणि कपाऐवजी त्याच्या बोटांकडे बघत राहिले.

"हे कुठे शिकलात?"

"पुण्यात. तबला."

"पाय वापरता?"

"मांडी घालून बसतो."

"मग अर्धा ड्रमर आहात," ते म्हणाले आणि निघून गेले. नवऱ्याला हे इतकं लागलं की त्या हिवाळ्यात तो आठवड्यातून दोनदा बसड्रायव्हरच्या घरी शिकायला जाऊ लागला. वसंत येईपर्यंत त्याला ड्रमवर काठ्यांऐवजी तारेचे ब्रश फिरवता येऊ लागले आणि पायाने झांजा मिटता येऊ लागल्या. मसाल्याचे डबे परत माझ्या ताब्यात आले. सगळं ठीक चाललं होतं, तोवर बसड्रायव्हरच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख लागली.

त्याच सुमाराला कौन्सिलच्या विरंगुळा खात्याला जाग आली. खात्याचं खरं नाव याहून लांब होतं आणि दर दोन वर्षांनी आणखी लांबत असे. त्यांचं म्हणणं असं की बँडऐवजी उत्तम सीडी प्लेअर आणि निवडक संगीत ठेवलं तर 'एकूण अनुभवात' फरक पडणार नाही. खात्यातल्या एक बाई येऊन एक दुपार बघणार होत्या आणि जाताना निर्णय सांगणार होत्या. बुधवार ठरला. बसड्रायव्हर तेव्हा गुडघ्याला टाके घालून घरी पडलेला असणार होता.

आता अडचण काय होती ते सांगते. आपल्याकडे आरती कशी सुरू होते आणि कशी संपते हे आठवून बघा. सुरुवातीला सगळे शिस्तीत असतात. तिसऱ्या कडव्याला झांजा तापतात, शेवटाला आरती धावत असते, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही आपण लय वाढवली असं वाटत नसतं. माझा नवरा या शहरातल्या महाराष्ट्र मंडळाचं भजन वर्षानुवर्षं तबल्यावर असंच वर नेत आला होता. लोक घामाघूम होत, डोळे मिटत, आणि शेवटच्या गजरानंतर एकमेकांना म्हणत, काय रंगलं! त्याच्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. लय चढते. ती फुलण्याची खूण आहे. चढली नाही तर गाणाऱ्यात जीव नाही.

चर्चच्या मागच्या खोलीत तालीम असे. मी एका तालमीला गेले होते. क्विकस्टेप, म्हणजे भरभर पावलांच्या नाचाची धून, सुरू झाला, दोन फेऱ्या बऱ्या गेल्या, आणि तिसरीत पोस्टमनचा श्वास संपला. बँडमास्टरांनी हात वर केला.

"डॉक्टर, तुम्हाला बस पकडायचीय का?"

"गाणं जरा फुलत होतं," नवरा म्हणाला.

"फुलू द्या. जागच्या जागी."

परत सुरू. परत तिसऱ्या फेरीला तेच. बँडमास्टर ड्रमजवळ जाऊन उभे राहिले.

"तुम्ही छातीचे डॉक्टर ना? आयुष्यभर लोकांची धाप घालवलीत. आता रिटायर होऊन धाप लावत सुटलात?"

पियानोवाल्या बाई खुदकन हसल्या. नवरा हसला नाही. तेव्हा बँडमास्टर खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे बोलले. "हे बघा, मी ठेका देतो तेव्हा खाली बसलेले म्हातारे आपापल्या गुडघ्यांशी बोलणी करतात. या गतीत आपल्याला जमेल का, ते बघतात, आणि जमेल असं वाटलं तरच उठतात. ते मध्यावर पोचल्यावर तुम्ही गती वाढवलीत तर त्यांना परत बसायला खुर्ची नसते. मी माणसं यासाठी काढून टाकलीयत. तुमच्याहून चांगली माणसं."

घरी येताना गाडीत मी विषय काढला.

"अहो, बुधवारी तेवढं सांभाळा हं."

"तू मला लय शिकवणार आता?"

"मी कशाला शिकवू? मी आयुष्यभर मॉनिटरचा टिकटिकाट ऐकलाय. तो वाढला की मला कळतं, एवढंच."

"मला कळत नाही असं म्हणायचंय का तुला?"

"कळतं. पण डोळे मिटलेत की कळत नाही."

त्याने रेडिओ लावला. हवामानाच्या बातम्या आम्ही दोघांनी कमालीच्या लक्षपूर्वक ऐकल्या.

बुधवार आला. बाहेर ग्लासगोचा नेहमीचा तिरपा पाऊस. खात्याच्या बाई गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून आल्या, चाळिशीच्या, नीटनेटक्या, अजिबात दुष्ट नाहीत. दुष्ट असत्या तर सोपं गेलं असतं. त्या माझ्याच टेबलाशी बसल्या. हॉलमध्ये नेहमीपेक्षा गर्दी होती. सगळ्यांना ठाऊक होतं आज काय आहे, आणि सगळ्यांनी चांगले बूट घातले होते.

पहिला वॉल्ट्झ. नवरा बँडमास्टरांच्या उजव्या हातावर नजर खिळवून वाजवत होता. ते कंडक्टरची काठी वापरत नसत. मांडीजवळ दोन बोटं हलवत, बस. लय जागची हलली नाही. फॉक्सट्रॉट. तोही पार पडला. बाईंनी शॉर्टब्रेड घेतलं.

"तुम्ही इथल्या नियमित का?" त्यांनी मला विचारलं.

"माझा नवरा ड्रमवर आहे."

"अरे वा! मग तुमचं मत पक्षपाती धरायला हवं," त्या गोड हसत म्हणाल्या.

"धरा," मी म्हणाले. माझं सगळं लक्ष स्टेजवर होतं.

मध्यंतरानंतर क्विकस्टेप लागला. हॉलमधली जवळजवळ सगळी जोडपी उठली. क्विकस्टेप मुळातच चपळ असतो; म्हातारे तो ठेवणीतल्या ताकदीवर नाचतात. समोरून एक उंच आजोबा आणि त्यांच्या छातीशी येणाऱ्या आजी सरकत होत्या. त्या आजींचा खुबा धातूचा आहे आणि गेल्या हिवाळ्यात भूल मीच दिली होती.

पहिली फेरी. दुसरी. मग नवऱ्याचा डावा खांदा थोडासा वर गेला. मंडळाच्या भजनात तबल्याच्या मागे बसून मी तो खांदा इतक्या वेळा पाहिला होता की पुढे काय होणार ते मला कळलं. आणि त्याने डोळे मिटले.

लय सरकली. एकदम नव्हे; कुणाच्याही ध्यानात येणार नाही एवढी. मग आणखी. ट्रम्पेटवाल्या पोस्टमनच्या मानेच्या शिरा फुगल्या. बँडमास्टरांची बोटं मांडीजवळ घट्ट, ठाम, मूळच्या गतीत हलत राहिली, पण ती पाहणार कोण? ते ड्रमकडे वळले, हाताने खाली खाली अशी खूण केली. मिटलेल्या डोळ्यांना खूण कशी दिसणार? चेहऱ्यावर तर समाधी लागलेली.

खाली नाचणाऱ्यांची पावलं आखूड होत चालली. उंच आजोबा आजींना अक्षरशः उचलत होते. त्या हसत होत्या, पण ते हसू मी ओळखते. ऑपरेशनच्या टेबलावर येणारे लोक तसं हसतात. माझ्या शेजारच्या बाईंनी बिस्किट खाली ठेवलं.

"हे नेहमीच इतकं जोरात असतं?"

मी आजींवर नजर ठेवून होते. बँड थांबवला असता तर प्रश्न मिटला असता, आणि बँडही. थांबवला नाही तर आजी पडणार. स्टेजवर बँडमास्टरांनीही हाच हिशोब केला असावा. कारण ते वादकांकडे पाठ फिरवून, कठड्याला धरून पायऱ्या उतरले आणि सरळ माझ्या टेबलाशी आले.

"चल, हेन."

"मला नाचता येत नाही."

"मी विचारलं का?"

मी साडी नेसले होते, त्यावर कार्डिगन, पायात पावसासाठी चामडी बूट. त्यांनी मला जवळजवळ ओढत ड्रमच्या पुढ्यात नेलं, एक हात माझ्या पाठीवर ठेवला, आणि भोवतालच्या गतीची काही एक पर्वा न करता तिच्याहून जरा सावकाश पहिलं पाऊल टाकलं. ऐंशी वर्षांच्या त्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. मला पुढे जाताच येईना.

"आता त्याला हाक मार," ते म्हणाले. "तुमच्या भाषेत."

भर हॉलमध्ये, कौन्सिलच्या प्रतिनिधीसमोर, मी ओरडले, "अहो! डोळे उघडा! आरती नाही चालली इथे!"

त्याने डोळे उघडले. आणि समोर काय पाहिलं, तर लग्नानंतर एकदाही कुणाच्या हातात हात घालून न नाचलेली आपली बायको एका म्हाताऱ्या स्कॉटिश माणसाला धरून साडीत उड्या मारते आहे. ब्रश क्षणभर हवेतच राहिला असावा. बासवाल्याने तेवढी जागा भरून काढली.

"काय करतेस तू हे?"

"माझ्या पायांकडे बघा आणि वाजवा! हळू!"

"मध्येच उतरवू? लय?"

त्याच्या आवाजात खरी भीती होती. ती मला समजली, आणि त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणालाच समजण्यासारखी नव्हती. चढलेली लय मैफलीत कुणी उतरवत नाही. बसलेल्या माणसांसमोर भर गाण्यात मागे येणं म्हणजे हात थकला, दम संपला असं जाहीर करणं. त्याच्या गुरुजींनी असं करणाऱ्याला तबल्यावरून उठवलं असतं.

"उतरवा!" मी म्हणाले. "त्या आजी पडतील तिकडे!"

त्याने मान वळवून आजींना पाहिलं. मग माझ्या बुटांकडे बघितलं, आणि तसाच बघत राहिला.

बँडमास्टर एकदम उतरू देत नव्हते. ते माझ्या कानाशी पुटपुटत होते, "थोडं. आता थोडं. राहू दे. आता आणखी." दर फेरीला त्यांचं पाऊल केसभर लांब होई, माझंही होई, आणि वर नवऱ्याचा ब्रश तितकाच मागे सरके. त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला होता. मी त्यांच्या ओठांचा रंग बघितला आणि मला तो आवडला नाही.

"बसा आता," मी म्हणाले.

"संपू दे."

"ओठ निळे पडलेत तुमचे."

"मग माझ्या ओठांकडे बघू नकोस. पाय."

उंच आजोबांनी आजींना खाली टेकवलं. पावलं परत मोठी झाली. कोपऱ्यातल्या एका जोडप्याने दम खाऊन पुन्हा नाच धरला. शेवटचा सूर लागला तेव्हा लय तिथेच होती जिथून निघाली होती, आणि नवऱ्याच्या कपाळावरचा घाम मला खालून दिसत होता. टाळ्या पडल्या. बँडमास्टरांनी मला वाकून अभिवादन केलं, कारण तशी पद्धत आहे, आणि मग खुर्चीत कोसळले. मी त्यांची नाडी धरली. त्यांनी ती सोडवून घेतली. नाडीबद्दल मी काही म्हणण्याआधी खात्याच्या बाई समोर उभ्या होत्या.

"हे ठरवून केलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो," बँडमास्टर म्हणाले.

"नाही," नवरा ड्रमच्या मागून म्हणाला. तो घाम पुसत पुढे आला. "मी पळालो. यांनी मला परत आणलं."

बाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांनी जे सांगितलं ते इतकं मोजूनमापून होतं की आधीच ठरलं असावं असं मला आजही वाटतं. बँड एक बुधवार सोडून एक. मधल्या बुधवारी सीडी. दोन्ही बाजूंचा आदर राहील. त्यांनी 'समतोल' हा शब्द वापरला आणि पट्टा सारखा करून निघून गेल्या.

"अर्धा बँड," पोस्टमन म्हणाला.

"अर्धा ड्रमर मला चालला," बँडमास्टर म्हणाले. मग नवऱ्याकडे वळले. "बसड्रायव्हर येईपर्यंत तुम्हीच. डोळे मिटलेत तर तुमच्या बायकोला पुन्हा नाचवीन."

नवऱ्याने मान हलवली. गाडीत त्याने रेडिओ लावला नाही. सिग्नलला गाडी थांबवून म्हणाला, "तुझे पाय लयीत होते."

"त्यांनी धरलं होतं मला."

"तरी," तो म्हणाला.

पुढच्या बुधवारी, म्हणजे सीडीच्या, आम्ही कुतूहलाने गेलो. प्लेअर खरोखर उत्तम होता. लय अचूक, आवाज स्वच्छ, आणि म्हातारे नाचत होते. नाचत नव्हते असं मला म्हणायला आवडलं असतं, पण नाचत होते. अडचण गाण्याच्या शेवटी आली. बँड असता तर बँडमास्टरांनी पाहिलं असतं की खुब्यावाल्या आजी अजून पार त्या टोकाला आहेत, आणि त्या खुर्चीजवळ येईपर्यंत आणखी एक फेरी दिली असती. सीडी कुणासाठी थांबत नव्हती. एक गाणं संपलं की श्वास घ्यायच्या आत दुसरं, आणि माणसं हॉलच्या मध्यावर अडकलेली, ना धड नाचत, ना धड बसत.

बँडमास्टर कोपऱ्यात चहा घेऊन बसले होते. दोन गाणी त्यांनी सोसली. तिसरं संपायला आलं तसे उठले, प्लेअरजवळ गेले, आणि सूर विरताच एक बटण दाबलं. शांतता झाली. ते वाकून हॉलभर नजर फिरवत राहिले. आजी चालत आल्या, खुर्चीची पाठ धरली, बसल्या. ज्यांना उठायचं होतं ते उठले. तेव्हा कुठे त्यांनी बटणावरचं बोट पुन्हा दाबलं.

संध्याकाळपर्यंत ते तिथेच उभे होते. पुढच्या सीडीच्या बुधवारीही, आणि त्याच्या पुढच्याही. खात्याच्या बाई एकदा येऊन बघून गेल्या आणि सीडीचे बुधवार फारच सुरळीत चालले आहेत, असा शेरा त्यांनी मारला.